पहिली सुई पाहुण्याची

कॅल्शियमचे इंजेक्शन शिरेत गेले की क्षणभर साऱ्या अंगातून उष्णतेची एक लाट जाते. ती जिभेच्या मुळाशी सुरू होते, घशातून खाली उतरते, पोटात पसरते आणि तळपायांपर्यंत पोहोचून विझते. औषधशास्त्राच्या पुस्तकात तिची नोंद एका ओळीत आहे आणि ती ओळ सावधगिरीची आहे. आमच्या गावात मात्र त्या लाटेवर एक अख्खा दिवस उभा होता. तिला गरम सुई म्हणत. तेंदूपत्त्याची फडी, म्हणजे पाने विकत घेणारे केंद्र, उघडण्याच्या आधीच्या रविवारी गावातली चाळीसेक माणसे ही सुई घेत. महिनाभर जंगलात वाकून पाने तोडायची तर अंगात ताकद हवी, आणि सुई गरम लागली म्हणजे ताकद आत गेली, असा हिशेब होता. ती देणारा हात माझ्या बाबांचा होता.

आज मी नागपुरात रक्तातील परजीवींवर काम करते. हा विषय का निवडला असे विचारले की माझ्याकडे एक तयार उत्तर असते. ते मी प्रवेशअर्जात लिहिले होते, ते खोटे नाही आणि ऐकायला चांगले वाटते. त्यात नसलेला भाग आमच्या अंगणात घडला.

आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या तालुक्याच्या गावापासून बसने पाऊण तासावर आहे. एका बाजूला तलाव, तीन बाजूंना धानाच्या बांध्या आणि बांध्या संपतात तिथे जंगल. बाबांचे शिक्षण दहावीपर्यंतचे. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षे ते मूलमधल्या एका वृद्ध डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर गेले, दवाखाना मिटला, आणि डॉक्टरांच्या पत्नीने आठवण म्हणून बाबांना वीस मिलिलिटरची काचेची सिरिंज दिली. ती घेऊन बाबा गावी परतले, वाट्याची दोन एकर धानाची शेती करू लागले आणि उरलेल्या वेळात गावाला सुया देऊ लागले. कायद्याच्या भाषेत या कामाला एक नाव आहे. गावात त्याला नाव नव्हते. बाबांना कोणी डॉक्टर म्हटले तर ते चिडत. ‘डॉक्टर मूलले असते, मी भाऊ आहो,’ असे सांगत. म्हणून सगळे त्यांना भाऊच म्हणत, त्यांच्याहून मोठी माणसेसुद्धा.

त्या रविवारच्या सकाळची तयारी मला आजही क्रमाने सांगता येईल. आई शेणाने सारवलेल्या अंगणात कडुनिंबाखाली दोन खाटा टाकायची. बाबा चुलीवर ॲल्युमिनियमचे गंज, म्हणजे उभे पातेले, ठेवायचे, त्यात सिरिंजचे दोन्ही भाग पांढऱ्या फडक्यात गुंडाळून सोडायचे आणि पाणी खळखळू लागल्यापासून घड्याळात पूर्ण दहा मिनिटे मोजायचे. त्या दहा मिनिटांत त्यांच्याशी कोणी बोलायचे नाही. स्पिरिटचा वास, चुलीतल्या मोहाच्या लाकडाचा धूर आणि सावलीत थांबलेल्या बायकांची चेष्टामस्करी, या तिन्हींचे मिश्रण मला पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत मिळाले नाही.

सिरिंजमध्ये दोन कुप्या मावत आणि त्या चौघांना पुरत. म्हणून माणसे चौघाचौघांच्या गटाने बसत. बाबा शिरेत सुई घालत, दांडा किंचित मागे ओढत, नळीत रक्ताचा तांबडा धागा आला की सुई शिरेतच आहे याची खात्री करून घेत, आणि मग सावकाश दाबत. समोरचा माणूस डोळे मिटून वाट पाही. लाट आली की म्हणे, ‘लागली भाऊ, लागली.’ बाबा सुई काढून टाकत, नवी लावत आणि पुढच्याकडे वळत. चौघे झाले की सिरिंज पुन्हा गंजात, पुन्हा दहा मिनिटे.

बसण्याचा क्रमही ठरलेला होता. आमच्याकडे पंगतीत जो क्रम असतो तोच. घरी पाहुणा असेल तर पहिला मान त्याचा, मग शेजारपाजारचे, मग नातलग आणि सगळ्यांत शेवटी घरची बाई. आईने कधीही चौथ्या जागेखेरीज दुसऱ्या जागेवर सुई घेतली नाही. हा नियम कोणी केला असे मी तिला लहानपणी विचारले होते. तिला प्रश्नच कळला नव्हता.

आता माझा वाटा सांगते. पूर्वी बाबा चौघांना एकच सुई वापरत आणि मध्ये स्पिरिटच्या बोळ्याने पुसत. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी ब्रह्मपुरीला सूक्ष्मजीवशास्त्राचे पहिले धडे घेतले आणि सुट्टीत घरी येऊन त्यांना फैलावर घेतले. पुढच्या वेळी शिष्यवृत्तीच्या पैशांतून नव्या सुयांचा डबा आणला. प्रत्येक माणसाला नवी सुई, हा नियम माझा. बाबांनी तो असा पाळला की सुईचे वेष्टन ते त्या माणसाच्या डोळ्यांसमोर फाडत आणि म्हणत, ‘पाहून घे, कोरी आहे. माह्या पोरीचा हुकूम आहे.’ मी खाटेच्या कडेला उभी राहून हे ऐकत असे आणि मनातल्या मनात मोठी होत असे. त्याच वर्षी एका निबंधात मी लिहिले होते की ग्रामीण भागातील संसर्ग एका साध्या सवयीने थांबवता येतो. त्याला बक्षीस मिळाले होते.

ज्या उन्हाळ्याबद्दल मला सांगायचे आहे तेव्हा मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आले होते. एका मोठ्या संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा जूनमध्ये होती. मला गावातून बाहेर पडायचे होते, आणि हे मी कोणापासून लपवत नव्हते.

त्या रविवारी सकाळीच आईचा धाकटा भाऊ येऊन पोहोचला. माझा हा मामा अंगाने दांडगा, बोलण्यात मोकळा आणि कुठेही फार दिवस न टिकणारा माणूस. दिवाळीनंतर तो भामरागडच्या पलीकडे बांबू तोडायला गेला होता आणि तेंदूच्या हंगामाला बहिणीकडे येऊन राहणार होता. येताना त्याने बांबूची एक सुबक टोपली आईसाठी आणली होती. बाबांनी त्याला अंगणातूनच हाक मारली.

‘या साळेबुवा, बरोबर वेळेवर आले. बसा इथी, पहिली सुई पाव्हण्याची.’

मामा हसत खाटेवर बसला. त्याच्यामागे शेजारचे काका, मग माझी काकी, मग आई. शेजारचे काका गावातले विनोदी माणूस. मामाच्या दंडाकडे पाहून ते म्हणाले की भाऊ, याले सुई कायले देता, याच्यातलीच थोडी ताकद काढून आमाले द्या. सगळे हसले. मीही हसले. बाबांनी दांडा मागे ओढला, नळीत तांबडा धागा आला, नाहीसा झाला, मामा म्हणाला ‘लागली’, आणि माझ्या हुकमाप्रमाणे कोरी सुई लागली.

पुढचे दोन आठवडे माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर दिवसांपैकी आहेत, हे मला आज थोडे संकोचून लिहावे लागते. पहाटे चारला आई, काकी, मामा आणि मी जंगलात जात असू. मोहाची फुले संपत आलेली, तरी जमिनीवरून गोड, जडसर वास येत असे. तेंदूची कोवळी पाने हाताला किंचित लवदार लागतात. देठाशी तोडली की चट् असा आवाज येतो. चारही बाजूंनी तो आवाज, मध्येच कोणाची तरी अस्वल असल्याची आवई, आणि मग ती देणाऱ्याला सगळ्यांच्या शिव्या. दुपारी ओसरीत बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे. आई बोलता बोलता पुडा बांधी आणि तिचा आकडा कधी चुकत नसे. मी पाने मोजून बांधी, तरी चुकत असे. मामा मला चिडवी: ‘एवढी शिकली अन् सत्तर येत नाई?’

दुसऱ्या आठवड्यात शेजारचे काका तापाने पडले. दोन दिवसांनी काकी. मे महिना होता, दुपारी तलावावरून येणारा वाराही भाजत होता, त्यामुळे ऊन लागले असे सगळ्यांनी ठरवले. कैरीचे पन्हे झाले, तळपायांना कांदा चोळून झाला. आमच्या भागात हिवतापाचा मोसम पावसाळ्यानंतर येतो; मेमध्ये बांध्यांना भेगा असतात आणि डास शोधावे लागतात. बाबांनी उन्हाचेच औषध दिले. मीही ते मानले. मला अभ्यास होता.

आईला ताप कधी आला ते कळले नाही, कारण तिने सांगितले नाही. पुडे बांधताना तिचा आकडा चुकला तेव्हा मला पहिली शंका आली. तिने एकसष्ट पानांवर दोरी बांधली आणि पुडा बाजूला ठेवला. मी तिच्या कपाळाला हात लावला आणि तशीच आशाताईकडे पळाले.

आशाताई म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती. तिच्याकडे हिवतापाच्या तपासणीचे किट असते. बोटाचा एक थेंब, आणि पंधरा मिनिटांत पट्टीवर रेघ उमटते किंवा उमटत नाही. तिने आधी मलाच समजावले की या दिवसांत इथे हिवताप नसतो. तरी ती आली. आईच्या पट्टीवर रेघ उमटली. मग काकीच्या, मग शेजारच्या काकांच्या. घातक प्रकारचा हिवताप. त्या दोघांना गावातच गोळ्या सुरू झाल्या. आईला उभेही राहवत नव्हते. तिला आम्ही आधी मूलला आणि तिथून चंद्रपूरला नेले.

आईच्या अंगात आधीच रक्त कमी होते. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या अंगात ते कमीच असते. डॉक्टरांनी एक बाटली रक्त लागेल असे सांगितले. मामा बाही वर करूनच रक्तपेढीच्या दारात उभा राहिला. त्याला प्रश्न विचारले गेले, त्याने खरी उत्तरे दिली: इतक्यात ताप नाही, आजारपण नाही, औषध नाही. तो तंदुरुस्त दिसत होता आणि होताही. पण हिवाळाभर तो कुठे होता हे मला माहीत होते. मी तिथल्या तंत्रज्ञ बाईंना विनंती केली की रक्त काढण्याआधी याची हिवतापाची तपासणी करा. तेव्हा माझ्या मनात सुईचा संशय नव्हता, मी फक्त सावध होते. त्या म्हणाल्या की आम्ही ती करतोच, आणि त्यांनी ती तेव्हाच केली.

मामाच्या पट्टीवर रेघ उमटली.

‘मशीन खराब असंल,’ मामा म्हणाला. ‘मी तं चांगला आहो. काल तीन ताटं भात खाल्ला मी.’

आईला रक्त मी दिले. माझा गट जुळत होता आणि मी कधी जंगलात हिवाळा काढला नव्हता. ती बाटली थेंबाथेंबाने आईच्या शिरेत उतरत असताना मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसले होते आणि मला दुसरे काही काम नव्हते. नळीत लाल रंग होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

ज्या जंगलात हिवताप वारंवार येतो तिथल्या माणसांचे शरीर त्याच्याशी काही प्रमाणात जुळवून घेते. परजीवी रक्तात असतात, पण ताप नसतो. मामाचे तसे झाले होते. सबंध हिवाळा तो त्यांना अंगात घेऊन बांबू तोडत होता. इथपर्यंत सोपे होते. मामा गावात आला, डास त्याला चावले, तेच डास इतरांना चावले, असे म्हणता आले असते. पण मेमध्ये आमच्याकडे तितके डास नसतात. डासाच्या पोटात परजीवी वाढायला दिवस लागतात, चावल्यावर माणसाला ताप यायला आणखी दिवस लागतात, आणि हे सगळे त्या दोन आठवड्यांत बसत नव्हते. शिवाय डास घराघरातून फिरतो, तो निवड करत नाही. आमच्या घरात मी आणि बाबाही झोपत होतो. मग हेच तिघे का?

मी तिघांची नावे वहीवर लिहिली. शेजारचे काका, काकी, आई. ज्या क्रमाने ताप आला त्या क्रमाने. आणि मला तो क्रम ओळखीचा वाटला. तो खाटेवर बसण्याचा क्रम होता. त्यांच्याआधी मामा बसला होता. बाकीच्या चौकड्यांतले कोणीही आजारी पडले नव्हते, कारण चौघांनंतर सिरिंज दहा मिनिटे उकळत होती. परजीवी रक्तातून थेट जितके जास्त जातात तितका ताप लवकर येतो. मामानंतरच्या पहिल्याला जास्त, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला आणखी कमी. तीन माणसांवरून शास्त्रीय निष्कर्ष काढू नये हे मला शिकवले होते. तरी तो तांबडा धागा मी पाहिला होता. तो नाहीसा झाला असे मला वाटले होते. तो नळीतल्या औषधात मिसळला होता. आम्ही सुई बदलत होतो. रक्त सुईत थांबत नव्हते.

चौथ्या दिवशी आई नीट बोलू लागली. मी एका दिवसासाठी गावी आले. घरात दोन गोष्टी घडत होत्या. ओसरीत मामा आपली पिशवी भरत होता. काकीने, गोळ्यांनी बरी होऊन उठल्या उठल्या, त्याला ऐकवले होते की भावाने बहिणीला टोपली आणली अन् टोपलीत ताप आणला. मामा कपडे कोंबत होता. दुसरी गोष्ट आतल्या खोलीत होती. कोपऱ्यात कॅल्शियमच्या कुप्यांचा नवा खोका होता. फडी बंद झाली की थकवा काढायला गाव दुसरी गरम सुई घेत असे, आणि तो रविवार पाच दिवसांवर होता. तलावापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, माणसेही येणार होती.

म्हणजे मला सांगायचे होते, आणि पाच दिवसांच्या आत सांगायचे होते. न सांगितले तर मामा दोषी ठरून जात होता आणि बाबा पुन्हा चौघांना बसवणार होते. सांगितले तर गावात ज्या एका हातावर सगळ्यांचा विश्वास होता तो हात मीच खाली ओढणार होते. बाबांनी बत्तीस वर्षे त्या हाताखेरीज काही कमावलेले नव्हते.

मी वाद घालायचा नाही असे ठरवले. विहिरीत टाकायची लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, घरात होती. ती एका वाटीत कालवली. जांभळे, गडद पाणी तयार झाले. दुसऱ्या तीन वाट्यांत स्वच्छ पाणी घेतले. बाबांना अंगणात बोलावले आणि सिरिंज मागितली. त्यांनी ती कधी नव्हे ते माझ्या हातात दिली. मी औषधाऐवजी साधे पाणी भरले, सुई जांभळ्या पाण्यात बुडवली, दांडा किंचित मागे ओढला, त्यांच्यासारखाच. नळीत जांभळा धागा आला. थोडे पाणी बाहेर सोडले, सुई काढून टाकली, कोरी लावली आणि पहिल्या स्वच्छ वाटीत पाणी सोडले.

वाटीतले पाणी गुलाबी झाले.

पुन्हा कोरी सुई. दुसरी वाटी फिकट गुलाबी. पुन्हा कोरी सुई. तिसऱ्या वाटीत रंग आहे की नाही हे पाहायला बाबांना ती उन्हात धरावी लागली. त्यांनी ती धरली. बराच वेळ धरली. कोणती वाटी कोणाची हे मी सांगितले नव्हते. तिसरी वाटी हातात असतानाच ते म्हणाले, ‘ही तुही आई.’

मग त्यांनी सिरिंज माझ्याकडून घेतली. ‘माह्या हातानं करून पाहतो. तुह्या हाताले सवय नाई.’ त्यांनी नळी धुतली, दुसऱ्या वाट्या घेतल्या आणि पुन्हा सगळे केले. अधिक सावकाश, अधिक हलक्या हाताने. दांडा जेमतेम मागे ओढला. वाटी गुलाबी झाली. त्यांनी तिसऱ्यांदा केले. घरातल्या सगळ्या वाट्या संपल्या. कडुनिंबाखाली गुलाबी पाण्याची एक अर्धवर्तुळाकार रांग झाली होती आणि बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले होते.

‘कोरी सुई लावली की झालं, असं तूच म्हणाली होती न, बाई?’ त्यांनी विचारले. आवाजात आरोप नव्हता. एखादी गोष्ट नीट आठवते ना, हे तपासून पाहावे तसे विचारले.

‘हो. मीच म्हणाले होते. मला अर्धेच माहीत होते.’

‘मले तं तेवढंही नोतं,’ ते म्हणाले. उठले, हात धुतले आणि आधी ओसरीत गेले. त्यांनी मामाच्या पिशवीतले कपडे काढून दोरीवर टाकले. मामाला काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही. नंतर ते शेजारी गेले, काकीकडे गेले, आणि मग त्या रविवारी खाटेवर बसलेल्या प्रत्येकाच्या घरी गेले. मी सोबत येऊ का विचारले, तर नको म्हणाले. संध्याकाळपर्यंत दारोदार उभे राहून त्यांनी तेच एक वाक्य सांगितले असावे. काय सांगितले हे शेजारच्या काकांकडून कळले: माझ्या हातून चूक झाली, आशाताईकडे जाऊन रक्त तपासून घे. एका घरी त्यांना पाणीही विचारले गेले नाही. एका घरी म्हाताऱ्या बाईने, भाऊ तुमी सांगता तं असंल, पण रविवारची सुई तेवढी द्या, असा हट्ट धरला.

रविवारी मी आईला घेऊन परतले. अंगणात माणसे जमली होती. काहींना कळले होते, काही कळूनही आली होती. टोल्यावरच्या बायका सावलीत बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती. दोन्ही खाटा मात्र टाकलेल्या होत्या, आणि एका खाटेशेजारी आशाताई आणि तालुक्याहून आलेला आरोग्यसेवक काचपट्ट्या मांडत होते. बाबांनीच त्यांना बोलावून आणले होते. प्रत्येक बोटाला वेगळी टोचणी, वापरली की डब्यात. बाबा त्या डब्याकडे एकटक बघत होते. शेवटी त्यांनी आरोग्यसेवकाला विचारलेच, की याच्यात मागं काही राहत नाई न? नाही, असे त्याने दोनदा सांगितले.

लोक उठेनात. भाऊ सुई देत नाहीत आणि दुसऱ्याला बोट द्या म्हणतात, हे त्यांना जड जात होते. टोल्यावरची एक बाई मोठ्याने म्हणाली की बोटाच्या सुईनं ताकद येते का वो, आणि हशा झाला. पहिले कोण बसणार, असा प्रश्न होता. सवयीने सगळ्यांच्या नजरा मामाकडे गेल्या. मामा अर्धा उठलाही. बाबांनी त्याला हाताने खाली बसवले, आईजवळ आले, तिला दंडाला धरून खाटेवर नेऊन बसवले आणि तिचा हात आरोग्यसेवकापुढे धरला.

‘आज घरची पहिली,’ ते म्हणाले.

आईने पदर सावरला आणि इकडेतिकडे पाहिले. चाळीस माणसांसमोर पहिल्या जागेवर बसायची तिला सवय नव्हती. तिच्या बोटातून थेंब निघाला, काचेवर पसरला. मग काकी उठली, मग शेजारचे काका. त्यांनी बोट चोखत गंभीरपणे सांगितले की भाऊ, ही सुई काही गरम लागली नाई. मग टोल्यावरच्या बायका. मामा सगळ्यांत शेवटी बसला. दुपारपर्यंत बाबा प्रत्येकाचा हात धरून होते. बोट दाबून थेंब वर आणायचे काम आरोग्यसेवकाचे होते, पण लोक हात देत होते तो बाबांना.

जूनमधली परीक्षा मी दिली. मुलाखतीत त्यांनी माझ्या बक्षीस मिळालेल्या निबंधाबद्दल विचारले. मी सांगितले की त्यातला निष्कर्ष अपुरा होता आणि का अपुरा होता तेही सांगितले. वाट्यांची रांग कागदावर काढून दाखवली. मला घेतले.

गावात आता गरम सुई मिळत नाही. काही वर्षे लोक ती घ्यायला दुसऱ्या गावच्या बाजाराला जात, आणि बाबा त्यांना बसथांब्यावर गाठून, नुसती सुई नाही तर सिरिंजही कोरी आहे का, हे विचारायला शिकवून पाठवत. हंगामाच्या आधीच्या रविवारी खाटा मात्र अजून टाकल्या जातात. माणसे येतात, चहा घेतात, बाबांना नाडी दाखवतात. बाबा नाडी धरतात आणि एकच प्रश्न विचारतात: हिवाळ्यात कुठी होता? उत्तर जंगलातले असेल तर आशाताईच्या घराकडे बोट करतात.

सिरिंज त्यांनी फेकली नाही. लाल दवेचा तपकिरी डाग नळीच्या आत बसला आहे. लिंबाने तो सहज निघेल असे मी एकदा सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि सिरिंज पुन्हा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली.

मागच्या दिवाळीला मी घरी गेले तेव्हा मामा आला होता. पाने मांडली, मामा बसला, मी बसले, बाबा बसले. आई वाढत होती. बाबांनी पानाला हात लावला नाही. ‘तू बस आधी,’ ते म्हणाले. आईने त्यांना, भात निवून राह्यला, मुकाट्यानं जेवा, असे सांगितले आणि त्यांच्या पानात वरण वाढले. ते जेवले. ती शेवटीच बसली.